एस. जी., वय एकोणतीस

आयर्लंडच्या लाइट्रिम जिल्ह्यातल्या त्या डोंगराकडेच्या गावात टेसी गिल्हूलीला सगळे ‘मॅलकीची टेसी’ म्हणत. वयाची अठ्ठावन्न वर्षं झाली, त्यातली निम्मीअधिक इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात गेली, तरी गावाच्या लेखी ती मॅलकीचीच टेसी. आई गेल्यावर बापाचं जरा मार्गी लावून परत जाऊ म्हणून आली आणि राहूनच गेली. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायची, शाळाभर पोरांना जेवू घालून झाल्यावर घरी आणखी कोणाला वाढायची हौस राहत नाही.

मॅलकी पंच्याऐंशीचा होता. गुडघे गेलेले, कान अर्धे गेलेले, जीभ मात्र शाबूत. टेसीच्या हातचा चहा म्हणजे इंग्लंडातून शिकून आणलेला पांचटपणा, असं तो आल्यागेल्याला सांगायचा आणि कप मात्र निपटून प्यायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

एकोणीसशे त्र्याण्णव सालच्या नोव्हेंबरात त्याने एक विषय काढला. नोव्हेंबर हा मेलेल्यांचा महिना. घरोघरची माणसं आपल्या मृतांची नावं लिहून फादरकडे देतात आणि महिनाभर त्यांच्यासाठी मिस्सा होते. मॅलकीच्या कागदावर पहिलं नाव कायम आईचं असे, सबायना गिल्हूली. तो दोन वर्षांचा असताना ती वारली, माहेरच्यांनी तिला डोंगरापलीकडे त्यांच्यात नेऊन पुरलं, एवढंच त्याला ठाऊक. तरुणपणी तो त्या दफनभूमीत जाऊन आला होता. तिथे नुसते बिनअक्षरांचे धोंडे, कोणता कोणाचा हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आता त्याला वाटत होतं की इकडे गावात, बापाच्या दगडावर, तिचं नाव कोरून घ्यावं. पाथरवटाने विचारलं, साल काय घालू? कधी जन्मली, कधी गेली? मॅलकीला सांगता येईना.

“मला लवकरच जायचंय तिकडे,” तो टेसीला म्हणाला. “तिने विचारलं, इतकी वर्षं काय करत होतास रे, तर मी काय सांगू? दगडावर नाव तरी घालायला हवं होतं की नाही?”

चर्चच्या दफनाच्या वहीत काही नव्हतं. फादर म्हणाले, जुन्या शिरगणतीचे कागद बघा, त्यात घरातल्या प्रत्येकाचं वय लिहिलेलं असतं. म्हणून एका मंगळवारी टेसी बसने जिल्ह्याच्या ग्रंथालयात गेली.

तिथल्या मिसेस रूनींनी तिला आधीच सांगून टाकलं की फार आशा धरू नका. एकोणिसाव्या शतकातल्या शिरगणत्यांचे कागद काही जळाले, काही सरकारनेच लगद्याला दिले. एकोणीसशे एकवीस साली स्वातंत्र्याच्या लढाईचा गोळीबार चालू होता, कोण कोणाची डोकी मोजणार? सव्वीस सालची आहे, पण ती शंभर वर्षं कुलपात. म्हणजे बघण्यासारख्या दोनच, एकोणीसशे एक आणि एकोणीसशे अकरा. त्यातली अकराची चांगली, कारण तिच्यात कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने लिहिलेला फॉर्म जसाच्या तसा बघायला मिळतो.

टेसीच्या मनाने हिशोब केला की बाप आठ सालचा, आजी दहाच्या सुमाराला गेली, म्हणजे अकराच्या फॉर्मवर ती नसणार. पण मिसेस रूनींनी अकराच्याच मायक्रोफिल्मचं रीळ मशीनवर चढवून दिलं होतं. टेसीला वाटलं, बापाचं नाव तरी बघावं. काळ्या पडद्यावरून गावं सरकत गेली, मग त्यांची वाडी आली, शेजाऱ्यांची घरं आली, आणि अक्षर ओळखीचं नसतानाही तिला ते घर ओळखू आलं. बार्टली गिल्हूली, कुटुंबप्रमुख, छत्तीस. आई ॲन, विधवा, सत्तर. मुलगी सेलिया, सात. मुलगा थॅडी, पाच. मुलगा मॅलकी, दोन.

बापाचं नाव बघून ती एकटीच हसली. दोन वर्षांचा मॅलकी, ‘वाचता येत नाही’.

मग तिची नजर आडवी सरकली. बार्टलीच्या ओळीत, लग्नाच्या रकान्यात, आजोबाने ‘विवाहित’ लिहिलं होतं. विधुर नव्हे. त्याच्या पुढचे तीन रकाने फक्त बायकोने भरायचे होते, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यातली किती हयात आहेत. बायको घरात नाही म्हणून आजोबाने ते स्वतःच्या ओळीत भरले होते. आठ, चार, तीन. गणतीला आलेल्या पोलिसाने ते आकडे चुकीच्या जागी म्हणून एका रेघेने खोडले होते. रेघेखालून ते स्वच्छ वाचता येत होते.

चार मुलं. टेसीला तीनच माहीत होती. आणि एप्रिल अकरामध्ये या माणसाची बायको जिवंत होती.

तिने मिसेस रूनींना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “बायको त्या रात्री दुसऱ्या कुठल्या घरात असेल. माहेरी वगैरे.”

माहेरचा फॉर्म दोघींनी मिळून शोधला. तिथे ती नव्हती. मिसेस रूनी जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या की इस्पितळं, तुरुंग, अनाथालयं यांचे फॉर्म वेगळे असतात, ते डब्लिनला जाऊन बघावे लागतील. वेड्यांच्या इस्पितळाचेही वेगळे असतात. हे शेवटचं त्यांनी कागद आवरता आवरता सांगितलं.

घरी मॅलकीने विचारलं, सापडली का? टेसी म्हणाली, अजून नाही, डब्लिनला जावं लागेल. बापाला ते फार आवडलं. आपल्या आईसाठी कोणीतरी डब्लिनपर्यंत जातंय, हे त्याने पोस्टमनलाही सांगितलं.

डब्लिनच्या अभिलेखागारात तिने शेजारच्या जिल्ह्याच्या वेड्यांच्या इस्पितळाचं रीळ मागितलं. लाइट्रिमची माणसं तिथेच नेत. तिला वाटलं होतं, नाव शोधायचं, सापडलं तर सापडलं, नाही तर सुटले. पण त्या पानांवर नावंच नव्हती. वेड्यांची नावं लिहायची नाहीत, घराण्याची अब्रू जाते, म्हणून नुसती आद्याक्षरं. पानामागून पान एम. के., जे. डी., बी. एम., आणि प्रत्येकापुढे वय, धर्म, धंदा, जिल्हा. शेवटी ‘वेडा’ किंवा ‘वेडी’. शेकडो माणसं होती. घरच्यांनी घराबाहेर काढलं होतं आणि सरकारने नावाबाहेर.

बायकांच्या पानांवर एस. जी. दोन निघाल्या. एक वय एकोणतीस, शेतकऱ्याची बायको, कॅथलिक, लाइट्रिम, लिहिता-वाचता येतं. दुसरी वय एकतीस, शेतकऱ्याची बायको, कॅथलिक, लाइट्रिम, लिहिता-वाचता येतं. टेसी त्या दोन ओळींकडे बघत बसली. दोन बायका, आणि कोणती आपली हे सांगायला काही नाही. काउंटरवरचा माणूस भला होता. तो म्हणाला की त्या काळी वयं अंदाजाने सांगायचे, दोन वर्षांच्या फरकाला अर्थ नाही. एवढ्यावरून ठरवता येणार नाही.

एक माणूस मात्र ठरवू शकत होतं. अकरा साली सात वर्षांची असलेली सेलिया आत्या नव्वदीला टेकली होती आणि तालुक्याच्या वृद्धाश्रमात होती. थॅडी कधीच स्कॉटलंडात वारला होता. आत्याचं आणि मॅलकीचं फारसं नव्हतं. नाताळला कार्ड, मयताला भेट, बस.

टेसी गेली तेव्हा सेलिया खिडकीपाशी गुडघ्यांवर रग टाकून बसली होती. टेसीने आणलेला केक तिने न बघता बाजूला ठेवायला लावला. टेसीने फॉर्मचं सांगितलं, डब्लिनचं सांगितलं. सेलियाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

“ती वेडी होती का, आत्या?”

“तुला मूल झालंय?”

“नाही.”

“मग तुला सांगून काय कळायचंय.”

पण तिने सांगितलं. कोणी गुरांच्या बाजाराची हकिगत सांगावी तशा आवाजात सांगितलं. दहा सालच्या शरदात चौथं मूल झालं, मुलगा. दिवा लावायला लागतो तेवढाच वेळ तो जगला. त्याच्यावर पाणी शिंपडायचंही कोणाला सुचलं नाही, म्हणजे बाप्तिस्मा नाही, म्हणजे दफनभूमीत जागा नाही. बार्टलीने लोण्याचं खोकं घेतलं आणि उजाडायच्या आत कुठल्याशा बांधाकडेला जाऊन मूल पुरून आला. कुठे ते त्याने बायकोला सांगितलं नाही. सांगितलं तर तिथेच जाऊन बसेल, असं त्याच्या आईचं म्हणणं पडलं.

मग सबायना शोधायला लागली. आधी गवताच्या गंजीमागे उकरलं, मग बटाट्याच्या वाफ्यात, मग शेजाऱ्यांच्या शेतात. हातांनीच. घरी दोन वर्षांचं पोर रडत असायचं आणि ही कोणाच्या तरी बांधावर गुडघे टेकून. शेजारी तक्रारी घेऊन आले. एका सकाळी दोन पोलीस घोडागाडी घेऊन आले. सबायना आपली चांगली शाल पांघरून, केस विंचरून, स्वतः चढून बसली.

“स्वतः?”

“बापाने तिला सांगितलं होतं, जागा दाखवायला नेतायत म्हणून.”

सेलियाने रग नीट केला.

“आम्हाला सांगितलं, मेली. मी रस्त्यावर उभी होते, मला ठाऊक होतं. पण असंच म्हणायचं ठरलं, मग तसंच म्हटलं.”

“तू कधी भेटलीस तिला?”

“माझं लग्न जमत होतं. वेडीची पोरगी कोण करून घेतो?”

“आणि आजोबा गेल्यावर? तेव्हा सही करून तिला घरी आणता आलं असतं.”

“तेव्हा मला पाच पोरं होती आणि सासू होती,” सेलिया म्हणाली. “तू इंग्लंडात भांडी घासत होतीस, आम्ही इथे राहिलो. मला विचारणारी तू कोण?” मग म्हणाली, “मॅलकीला सांगू नकोस. त्याची आई मेलीय. तिला मेलेलीच राहू दे.”

बसमध्ये टेसीला वाटत होतं की आत्याचंच ऐकावं. पण आता सव्वीसची शिरगणती कुलपात आहे हे तिला सहन होईना. त्या वर्षी आजी होती की नव्हती? होती तर कुठे होती? ते कुलूप उघडेल तेव्हा टेसी नव्वदीच्या पुढे गेलेली असेल, असलीच तर. मृत्यूच्या नोंदींना असं कुलूप नव्हतं. त्यात आद्याक्षरंही नव्हती. मेल्यावर माणसाला पूर्ण नाव मिळत होतं. ती पुन्हा डब्लिनला गेली आणि अकरा सालापासून एकेक वर्षाची सूची उलटत बसली. वर्षं पुढे सरकत होती आणि नाव येत नव्हतं, आणि नाव येत नाही याचा अर्थ काय, ते तिला प्रत्येक पानागणिक कळत होतं. वीस साल गेलं. तीस गेलं. सेलियाचं लग्न होऊन गेलं, बार्टली मरून गेला, खुद्द टेसी जन्मली.

फेब्रुवारी एकोणीसशे त्रेचाळीस. सबायना गिल्हूली, शेतकऱ्याची विधवा, वय एकसष्ठ, न्यूमोनिया. मृत्यूचं ठिकाण, वेड्यांचं इस्पितळ. खबर देणारा, इस्पितळाचा अधिकारी. कोणीतरी निदान तिला विधवा झाल्याचं कळवलं असावं, किंवा नुसतं फायलीत लिहिलं असावं.

येताना ती त्या इस्पितळाच्या गावी उतरली. अर्धी इमारत बंद होती. राखणदाराने तिला मागच्या उतारावर नेलं आणि एक शेत दाखवलं. गायी चरत होत्या. पूर्वी इथे आकडे पाडलेले लोखंडी खुंट होते, तो म्हणाला, गवत कापताना यंत्राला अडायचे म्हणून कधीकाळी काढून टाकले. आकड्यांची यादी कुठे गेली ते त्याला माहीत नव्हतं. टेसी थोडी आत चालून गेली. मग आपला पाय कशावर पडतोय या विचाराने थबकली, आणि आल्या पावलावर पाऊल ठेवून मागे फिरली.

बापाला फक्त जन्मसाल सांगायचं, असं ठरवून ती घरात शिरली. मॅलकी वाटच बघत होता. तिने चहा ठेवला, पाव कापला, आणि म्हणाली, “ब्याऐंशी सालचा जन्म, डॅडी. अठराशे ब्याऐंशी.”

“म्हणजे गेली तेव्हा अठ्ठावीसची.” त्याने मान डोलावली. “पोरच की. दहा सालीच ना?”

‘हो’ म्हणायला काही लागत नव्हतं. पाथरवटाने दोन आकडे कोरले असते आणि म्हातारा सुखाने गेला असता. टेसीने पुढे कित्येकदा आठवून बघितलं की त्या क्षणी आपल्याला काय झालं, पण तिला ते सांगता आलं नाही. शेतातल्या त्या गायी डोळ्यांपुढून हलत नव्हत्या, एवढंच.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली.

“त्रेचाळीस काय?”

“साल, डॅडी.”

त्याला आधी वाटलं, कानाने दगा दिला. त्याने पुन्हा विचारलं. मग तिला सगळं सांगावं लागलं, कुठे, कसं, कोणी नेलं. मुलाचंही सांगितलं. शालीचं तेवढं गाळलं. मॅलकी ऐकत होता, हात मांडीवर पालथे ठेवून. चहावर साय धरली.

मग तो बोलायला लागला. “लढाईत कोळसा येत नव्हता. मी काउन्सिलच्या लॉरीवर होतो. बॉगमधल्या, दलदलीतल्या मातीच्या वाळक्या ढेपा जळणाला म्हणून भरायच्या आणि इस्पितळांना पोचवायच्या. तिथेही जायचो आम्ही. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. मागच्या आवारात ढीग घालायचा. बायका तारेच्या पलीकडे गोल गोल फिरायच्या, सगळ्यांचे करडे झगे. ड्रायव्हर म्हणायचा, वर बघू नकोस, बघितलं की मागे लागतात. मी बघितलं नाही कधी.”

टेसीने गार झालेला कप उचलून बाजूला ठेवला.

“एक हाका मारायची,” तो म्हणाला. “जो दिसेल त्याला. ए बाळा, ए बाळा. ती असेल का?”

“नसेल, डॅडी.”

“तुला काय माहीत.”

तिला खरोखरच काही माहीत नव्हतं. त्या आवारात दुसरी एस. जी. पण होती.

“मी तिच्यासाठी मेलेल्यांची प्रार्थना म्हणत होतो,” मॅलकी म्हणाला. “पोरवयापासून, रोज. आणि ती तिथे जेवत होती, झोपत होती.” मग त्याने टेसीकडे बघितलं. रागाने नाही. थकलेल्या माणसाने ओझं कुठे ठेवू असं विचारावं, तसं त्याने विचारलं, “हे कशाला उकरलंस गं?”

त्यानंतर तो चहाला नावं ठेवेनासा झाला. दिलं ते खायचा, नाही दिलं तर मागायचा नाही. माणसं आली की डोळे मिटून घ्यायचा. पाथरवट विचारायला आला तेव्हा एवढंच म्हणाला की बापाच्या नावाखाली तिला घालू नका. मग कुठे घालायचं, ते त्याने सांगितलं नाही, आणि पाथरवट हत्यारं घेऊन परत गेला. फादर आले, त्यांनी समजूत घातली की देवाला सगळी प्रार्थना पोचते, जिवंताची काय आणि मेलेल्याची काय. मॅलकीने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ईस्टरआधीच्या उपासांच्या, लेंटच्या दिवसांत एका दुपारी, टेसी कोंबड्यांना दाणे घालून आत आली, तर तो गेलेला होता.

मयताला सेलियाला चाकाच्या खुर्चीतून आणलं. सगळे हात मिळवून पुढे सरकल्यावर तिने टेसीला खाली वाकायला लावलं.

“सांगितलंस ना त्याला?”

“हो.”

“मग त्याला तूच मारलंस,” सेलिया म्हणाली, आणि तिला घेऊन आलेल्या नर्सला म्हणाली, चला, गार वारा आहे.

टेसीला ते खोटं वाटलं नाही. पुढच्याच हिवाळ्यात सेलिया गेली. टेसी दफनाला गेली, मागे उभी राहिली आणि कोणाशी न बोलता परतली. मिसेस रूनींनी एकदोनदा निरोप धाडला की ग्रंथालयात आता बरेच लोक, अमेरिकेचेसुद्धा, आपली माणसं शोधायला येतात, तुम्हाला ते रीळ बघता येतं, मदतीला या. टेसीने तब्येतीचं कारण सांगितलं. त्या माणसांना काय सांगायचं, हा तिचा प्रश्न होता. शोधू नका, असं ग्रंथालयात बसून कसं सांगणार?

शहाण्णवच्या एप्रिलात नवी शिरगणती आली. शेजारच्या डोलन कुटुंबातली मुलगी फॉर्म वाटत होती. ती गोळा करायला आली तेव्हा टेसीचा फॉर्म कोराच होता, म्हणून तिने टेबलाशी बसून भरायला मदत केली. कुटुंबप्रमुख कोण? टेसी. त्या रात्री घरात आणखी कोण होतं? कोणी नाही. अविवाहित. मुलांचे रकाने मुलगी आपणहून ओलांडून पुढे गेली.

“शंभर वर्षं बंद राहतं हं हे, काळजी करू नका,” ती म्हणाली. “शंभर वर्षांनी तुमच्या घरातलं कोणीतरी वाचेल.”

“कोण?” टेसीने विचारलं.

मुलीला ते नीट ऐकू आलं नसावं. तिने सहीची जागा बोटाने दाखवली. टेसीने पूर्ण नाव लिहिलं, अक्षर न अक्षर सुटं, आणि फॉर्म तिच्या हातात दिला.